उलटं हँडल

एके काळी सोलापुरात कुंडलिक हँडलवाल्याला न ओळखणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर सात रस्त्यापासून स्टेशनापर्यंत उन्हात हिंडावं लागलं असतं. तो नट नव्हता, गवई नव्हता, पैलवान तर नव्हताच. मुक्या सिनेमांच्या त्या दिवसांत पत्र्याच्या थेटरात यंत्रापाशी उभा राहून हँडल फिरवायचा, एवढंच. पण फिरवायचा असा की काय सांगावं! पडद्यावर घोडा उधळला की ह्याचा हात उधळायचा, आई रडायला लागली की हात सावकाश व्हायचा.

आणि खेळ संपल्यावर त्याची खरी करामत. लोक उठायचेच नाहीत. "उलटं! उलटं!" करत बाकं बडवायचे. मग कुंडलिक उजव्या हातानं हँडल मागं फिरवायचा, डाव्या हातानं वरचं रीळ ओढून घ्यायचा, आणि शेवटची दोन मिनिटं पडद्यावर उलटी धावायची. विहिरीत पडलेला खलपुरुष पाय वर करून बाहेर यायचा. कोसळलेली भिंत उभी राहायची. खाल्लेली भाकरी तोंडातून निघून ताटात अख्खी व्हायची. वरून हा पठ्ठ्या ओरडायचा, "बगा वो बगा, मेलेला उठला!" लोक पोट धरून हसायचे आणि हसत हसत घरी जायचे.

सत्तावीस सालच्या पावसाळ्यापासून त्यानं हँडल पुन्हा कधी उलटं फिरवलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मॅनेजरनं शिव्या घातल्या, कुणी म्हणालं ह्याला माज आला. माज कसला डोंबलाचा! खरं कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

कुंडलिक मूळचा वैरागकडचा. चौथीपर्यंत शिकलेला, शेतात मन न रमणारा. गड्ड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला आला आणि वेड्यासारखा तिथंच राहिला. त्या वेळी सोलापुरात त्याचं कोण होतं? कुणी नाही. जत्रेत ओळख झालेल्या मायाप्पानं त्याला आपल्या खोलीत जागा दिली. मायाप्पा अक्कलकोटकडचा, गिरणीत मागावर काम करायचा. एक खोली, त्यात मायाप्पा, त्याची बायको कस्तुराबाई आणि त्यांच्यात हा आगंतुक. कस्तुराबाईनं दोन वर्षं ह्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घातली, कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढं कुंडलिकनं शेजारी स्वतःची खोली घेतली, तरी जेवायला तिथंच. सणाला पहिला पाट भावजींचा.

मायाप्पा दर रविवारी थेटरात पहिल्या बाकावर. "उलटं" म्हणून पहिली आरोळी त्याचीच असायची.

सव्वीस सालच्या फाल्गुनात गिरणीत एक पट्टा तुटला आणि त्याचं लोखंडी टोक मायाप्पाच्या उजव्या दंडात घुसलं. जखम भरली, पण हात काही परत आला नाही. मनगट खाली लोंबायचं, बोटं सरळ व्हायची नाहीत, अंगठ्यापासून कोपरापर्यंतची मागची बाजू चिमटा काढला तरी कळायची नाही. तेल झालं, शेक झाला, नवस झाला. वर्ष गेलं. शेवटी मुकादम शरणप्पा घरी आला. भला माणूस. म्हणाला, "मायाप्पा, मागाचं आता इसर. फाटकावरची जागा रिकामी झालीया. एका हातानं जमतंय ते काम. मी साहेबाला थोपवून धरलंय, पन सोमवारच्याला मला हो का न्हाई ते सांग. मंगळवारी दुसरा मानूस बसंल."

मायाप्पाला फाटक म्हणजे भिकाऱ्याची जागा वाटायची. मागावर हात चालवणारा गडी तो! पण कस्तुराबाईनं समजावलं, कुंडलिकनं समजावलं, आणि शनिवारपर्यंत तो बराचसा वळला होता. "बसतो बाबा फाटकावर," म्हणाला.

नेमके त्याच शनिवारी पुण्याहून प्रोफेसर वेणीमाधव मोहोळकर आले.

हे प्रोफेसर म्हणजे एक वल्लीच. पुण्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. बेडकाच्या मज्जातंतूंवर सहा वर्षं घालवलेली. त्यावर इंग्रजीत मोठा निबंध छापला होता. स्वतःच हसून सांगायचे, "किती जणांनी वाचला म्हणता? अकरा! मोजून अकरा. म्हटलं, वाचणारे अकरा असतील, तर बघणारे अकराशे का असू नयेत?" म्हणून कुठूनसा कॅमेरा मिळवून त्यांनी प्रयोगशाळेतच चित्र घेतलं आणि ते रीळ घेऊन गावोगाव निघाले. शाळा त्यांची सोलापुरात झालेली, तेव्हा पहिला मान सोलापूरला. तीन खेळ ठरले: शनिवारी वकील-मास्तरांसाठी, रविवारी सकाळी बायकांसाठी आणि दुपारी गिरणीकामगारांसाठी, फुकट.

प्रोफेसर पडद्याशेजारी उभे राहून छडीनं दाखवायचे. "रक्ताच्या शिरा तुम्हांला ठाऊक आहेत. पण त्यांखेरीज अंगात हे पांढरे बारीक धागे असतात. मज्जातंतू. तारऑफिसच्या तारा समजा. मेंदूनं सोडलेला हुकूम हाताकडे जातो तो ह्या तारेवरून, आणि हाताला बसलेल्या चटक्याची खबर मेंदूकडे जाते तीही ह्या तारेवरूनच."

पडद्यावर बेडकाचा पाय आणि त्यातून निघालेला पांढरा धागा. विजेची तार धाग्याला लागली की पाय ताडकन उडायचा. मग काचेच्या नळीतून मिठाच्या पाण्याचा थेंब धाग्यावर पडायचा, धागा सुकू नये म्हणून. मग कातर यायची. कच्! पुन्हा तार लावली, पाय ढिम्म. चित्र संपलं.

बायकांच्या खेळात केराबाई नावाची एक म्हातारी उठून म्हणाली, "आवो मास्तर, त्या मुक्या जिवाचं पाप कुनाच्या डोक्यावर?" प्रोफेसर गडबडले, कानाची पाळी धरून म्हणाले, "माझ्या डोक्यावर, आजी. पण त्या पापातून एखाद्या माणसाचा हात वाचावा एवढीच इच्छा." म्हातारी खाली बसली. कुंडलिकला हे वाक्य फार आवडलं. दोन्ही खेळांत त्यानं कान टवकारून सगळं ऐकलं होतं, तोंडपाठ केलं होतं.

प्रोफेसरांची रजा संपत आली होती, रविवारी दुपारच्याच गाडीनं त्यांना निघायचं होतं. तिसऱ्या खेळाला बोलणार कोण? कुंडलिक म्हणाला, "साहेब, मी बोलतो की." आणि त्यानं अख्खं भाषण म्हणून दाखवलं, तारऑफिसासकट. प्रोफेसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कुंडलिकराव, तुम्ही आता अर्धे प्रोफेसर झालात! रीळ माझ्या पत्त्यावर पाठवून द्या. आणि चित्र जसं आहे तसंच दाखवा बरं का."

राव! जन्मात त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. तो हवेतच तरंगायला लागला.

रविवारी दुपारी थेटर खच्चून भरलं. यंत्रापाशी उभं राहून, एका हातानं हँडल फिरवत कुंडलिक बोलला, आणि खरं सांगायचं तर प्रोफेसरांपेक्षा झकास बोलला. "ही तार तुटली की मेंदू हिकडं बोंबलतोय आन् पाय तिकडं झोपलाय!" लोकांना सगळं समजलं. पहिल्या बाकावर मायाप्पा लुळं मनगट मांडीवर घेऊन बसला होता. आपल्या हातात काय झालंय हे त्याला वर्षभरात पहिल्यांदा कळलं. तिथंच सगळं थांबलं असतं तर ह्या गोष्टीला कारणच नव्हतं.

पण चित्र संपलं आणि मागून आरोळी आली, "उलटं!" मग बाकं वाजायला लागली. कुंडलिक क्षणभर थबकला, नाही असं नाही. प्रोफेसरांचं वाक्य त्याच्या कानात होतं. पण हजार माणूस ओरडतंय, आणि हात तर वर्षानुवर्षांचा सवयीचा. त्यानं हँडल मागं फिरवलं.

ढिम्म पाय. कातर आली, तिची पाती उघडली आणि तुटलेल्या धाग्याची दोन टोकं जुळून एक झाली. पाण्याचा थेंब धाग्यावरून उठला आणि वर नळीत शिरला. लोक खदखदले. मग तार लागली आणि पाय ताडकन उडाला. कुंडलिकच्या तोंडून सवयीनं निघालं, "बगा वो बगा! तुटलेली नस जुळली! बेडूकमामा उठलं!"

टाळ्या, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. पहिल्या बाकावरचा एकच माणूस हसला नाही.

सोमवारी सकाळी कुंडलिक दात घासत दारात उभा होता. मायाप्पा आला. रात्रभर झोपला नसावा, पण तोंडावर असलं तेज की कुंडलिकला अपघाताच्या आधीचा मायाप्पा आठवला. "कुंडल्या," तो म्हणाला, "मी मुकादमाकडं निघालोय. त्याच्या आदी तुला एक इचारतो. काल शेवटी नस जुळली बग, ते खरं का तुजं उलटं हँडल?"

सरळ प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. राग येतो तो इथं! बाबा रे, सांग ना की उलटं होतं म्हणून! पण कुंडलिकनं मायाप्पाच्या तोंडाकडे बघितलं. हे तेज आपण आत्ता विझवायचं? आणि दुसरंही होतं, ते जास्त लाजिरवाणं. अर्ध्या प्रोफेसरानं शास्त्राची थट्टा केली हे कबूल करायचं?

"परफेसरांचं चित्र हाय," तो म्हणाला. "कालिजातलं. त्यात खोटं कशाला असंल?"

"बास!" मायाप्पा म्हणाला आणि डाव्या हातानं त्याचा खांदा दाबून निघून गेला. फाटकाला त्यानं नाही म्हणून सांगितलं. मंगळवारी तिथं दुसरा माणूस बसला.

कुंडलिकला चैन पडेना. आठवड्यानं त्यानं रीळ परत पाठवलं, सोबत चिठ्ठी लिहिली: एका माणसाच्या दंडात लोखंड घुसून मनगट पडले आहे, वर्ष झाले, तंतू जुळतो काय? मनात आशा होती. एवढे मोठे प्रोफेसर, जुळतो म्हणाले तर आपलं खोटं आपोआप खरं होईल! पंधरा दिवसांनी कार्ड आलं.

"कुंडलिकराव, चित्रात आम्ही तंतू तोडणे दाखवले, जोडणे नव्हे. माणसाची जखम ताजी असताना कुशल शल्यवैद्य टाके घालून प्रयत्न करतात, पण वर्षानंतर ती आशा धरू नये. त्या गृहस्थांना सांगा, डावा हात कामाला लावा. आणि उजव्या हाताच्या बधिर भागाला विस्तवापासून फार जपा, कारण भाजले तरी त्यांना कळणार नाही. कामगार मंडळींना चित्र कसे वाटले ते अवश्य लिहा."

कुंडलिकनं कार्ड चार वेळा वाचलं आणि रिळाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. उद्या सांगू, म्हणाला. उद्या मायाप्पा हात उन्हात धरून बसलेला दिसला, बोटांशी बोलत होता. परवा सांगू, म्हणाला. कस्तुराबाई ताटात भाकरी वाढताना म्हणायची, "भावजी, ह्यांचा हात बरा झाला की तुमास्नी पुरनपोळी." मग हळूहळू तो जेवायला उशिरा जायला लागला, मग जाईनासाच झाला. प्रोफेसरांना त्यानं उत्तरही लिहिलं नाही. चित्र कसं वाटलं म्हणून काय लिहिणार?

उन्हाळाभर मायाप्पानं वाट बघितली. नस आपली आपण जुळेना, तेव्हा त्यानं ठरवलं की बेडकाला कुणीतरी जुळवून दिली असणार, आपल्यालाही कुणी तरी लागणार. अक्कलकोटकडच्या एका खेड्यात तिप्पण्णा म्हणून एक जण होता. बैलांना डाग द्यायचा, माणसांनाही द्यायचा. लाल सळईनं हाताच्या मागच्या बाजूला डागलं की आतली शीर आखडून जुळते असं म्हणायचा. आषाढात नवरा-बायको तिकडं गेली. कुंडलिकला कळलं ते ती गेल्यावर.

कस्तुराबाईनं मागाहून सांगितलं ते असं. तिप्पण्णानं मनगटामागं पहिला डाग दिला. चर्र आवाज झाला, वास सुटला, आणि हे आपले शांत बसलेले. तिप्पण्णा म्हणाला, काय छातीचा गडी! हे म्हणाले, "दुकतच न्हाई की, दे अजून." दुसरा दिला. तिसरा दिला. तीन डाग मनगटापासून वर कोपरापर्यंत. दुखत नाही म्हणून त्यांना वाटलं, गुण येतोय.

आठ दिवसांत हात सुजून काळानिळा पडला. ताप चढला, बरळायला लागला. बैलगाडीनं सोलापूरला आणलं. डॉक्टरांनी बघितलं आणि वेळ न घालवता हात कोपराच्या वर कापला, म्हणून जीव तरी राहिला. कुंडलिक दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. ते कार्ड त्या दिवशी त्यानं डब्यातून काढून खिशात घातलं होतं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कस्तुराबाई त्याला बघून उठली, पदराचा बोळा तोंडात धरून रडत म्हणाली, "भावजी, तुमी दाखिवलं तसं हुईल म्हनून गेलो वो आमी."

तो खिशात हात घालून तसाच उभा राहिला. खिशातलं कार्ड घामानं भिजलं.

त्या रविवारी लोक "उलटं" म्हणून ओरडले तेव्हा त्यानं दिवा विझवला आणि यंत्रावर फडकं टाकलं. पुढं कधीच ऐकलं नाही. मॅनेजरनं नोकरीवरून काढायची धमकी दिली, तरी नाही. वर्षभरानं प्रोफेसर मोहोळकर नवं चित्र घेऊन आले, दारातच विचारलं, "आमचे कुंडलिकराव कुठायत?" कुंडलिकराव तेव्हा वैरागला भावाच्या शेतात लपून बसले होते. अंगात ताप आहे असा निरोप ठेवून गेले होते. थेटरच्या दुसऱ्या माणसानं हँडल फिरवलं. प्रोफेसर यंत्राकडे बघत दोनदा म्हणाले म्हणे, "त्यांच्यासारखं कुणी सांगितलं नसतं." हे ऐकून कुंडलिक बांधावर बसून लहान पोरासारखा रडला.

मायाप्पानं थेटरच्या दाराशी पानाचं दुकान टाकलं. पान गुडघ्यावर ठेवून डाव्या हातानं चुना लावायचा. सुपारी कस्तुराबाई घरून कातरून द्यायची. कुंडलिक रोज तिथून जायचा, "काय मायाप्पा?" म्हणायचा. तो "बरं हाय" म्हणायचा. पाच-सहा वर्षं एवढंच बोलणं. घरी बोलावणं येत होतं, हा जात नव्हता.

मग बोलपट आले. नवं यंत्र आलं, त्याला मोटर होती, हँडलच नव्हतं. बटण दाबलं की चित्र पुढं, मागं फिरायची सोयच नाही. मॅनेजरनं कुंडलिकला पुष्कळ झालं म्हणून हात जोडले. शेवटच्या दिवशी दुपारी कुंडलिक आपलं सामान घेऊन बाहेर पडला. सामान काय, एक रिळाचा रिकामा डबा. दुकानावर गिऱ्हाईक नव्हतं. तो मायाप्पासमोर उकिडवा बसला, डबा उघडला आणि पिवळं पडलेलं कार्ड त्याच्यापुढं धरलं. मायाप्पाला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. विस्तवापासून जपा, इथपर्यंत आला आणि त्यानं कार्ड खाली ठेवलं.

"मायाप्पा," तो म्हणाला, "नस जुळली न्हवती रं. मी हँडल उलटं फिरिवलं हुतं. तू इचारलंस तवा खोटं बोललो. हे कार्ड आलं तवा बी गप बसलो. तुजा हात मी खाल्ला."

मायाप्पा पानाला चुना लावत राहिला. बराच वेळ लावला, पान पांढरं झालं.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"उलटं हुतं ते. नळीतला थेंब वर गेला न्हवं का. पानी कुटं वर चढतंय का? समदे हासले, मी बी बगितला थेंब."

"आरं मग मुकादमाला न्हाई का म्हनलास? तिप्पण्णाकडं का गेलास?"

मायाप्पानं पान दुमडलं, लवंग टोचली आणि त्याच्या हातात दिलं.

"थेंब वर जाताना दिसला, म्हनूनच तर सोमवारी तुला इचाराय आलो की," तो म्हणाला. "तू म्हनलास, खरं हाय. मग मी म्हनलं, कुंडल्या सांगतोय म्हंजी थेंबाचंच कायतरी चुकलं असंल."